सांगणे, लिहिणे आणि वाचून दाखविणे : पोलीस दप्तरातील न्याय्य वागणुकीचा प्रश्न

पोलिसांनी समाजातील सर्व घटकांशी सारखेपणाने वागावे, ही अपेक्षा भारतीय राज्यघटनेच्या १४ व्या व १५ व्या कलमांत अनुस्यूत आहे आणि तिच्याविषयी मतभेद असण्याचे कारण नाही. मतभेद होतो तो हा सारखेपणा कोठे तपासावा याविषयी. समाजशास्त्रज्ञ तो अटकेच्या आणि कैद्यांच्या आकडेवारीत शोधतात, विधिज्ञ निकालपत्रांत शोधतात. प्रस्तुत लेखात तो पोलीस ठाण्यातील लेखनव्यवहारात शोधण्याचा प्रयत्न केला आहे. ठाण्यात एक माणूस सांगतो आणि दुसरा लिहितो. कोणाचे सांगणे लिहून घेतले जाते, ते कोणाच्या भाषेत उतरते आणि कोणाचे नाव काही घडण्याआधीच नोंदवहीत लिहिलेले असते, या तीन गोष्टींवर पुढचे पुष्कळसे ठरून जाते. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला हे प्रश्न अपरिचित नाहीत. मौखिक कथन लिखित संहितेत उतरताना काय गळते आणि भाषांतरात कोणाचा आवाज उरतो, हेच तो एरवीही विचारीत असतो. फरक इतकाच की, येथील संहितेवर एखाद्याची मोकळीक अवलंबून असते.

मराठी फिर्यादीचा साचा बहुतेकांच्या कानावरून गेलेला असतो. ‘समक्ष हजर राहून विचारलेवरून फिर्याद देतो की’ असा तिचा आरंभ असतो आणि ‘माझे सांगणेप्रमाणे बरोबर आहे’ असा शेवट. ‘विचारलेवरून’, ‘सांगणेप्रमाणे’ ही जुन्या दप्तरी मराठीची रूपे आज ठाण्याच्या आणि कचेरीच्या बाहेर कोणी बोलत नाही. तरीही शेतमजूर बाई असो, महाविद्यालयीन तरुण असो की आदिवासी पाड्यावरचा म्हातारा असो, फिर्यादीत सगळे याच भाषेत बोलतात. व्याकरणदृष्ट्या तेथील ‘मी’ फिर्यादीचा असतो, वाक्यरचना मात्र हवालदाराची असते. कथनमीमांसेच्या परिभाषेत सांगायचे तर निवेदक एक आणि लेखक दुसरा, अशी ही संहिता आहे. आणि या दुसऱ्याचा मागमूस पहिल्याच्या ‘मी’खाली पुसला जातो.

या साच्यामागे निव्वळ आळस आहे, असे मानणे अन्यायाचे होईल. ठाणे अंमलदाराला गुन्ह्याची कलमे लावता यावीत एवढा तपशील त्या गोंधळातून वेगळा काढायचा असतो आणि बाहेर आणखी चारजण खोळंबलेले असतात. त्याने निवड करणे अपरिहार्यच आहे. निवड कोणत्या दिशेने होते, हे मात्र पाहिले पाहिजे. ‘जातिवाचक शिवीगाळ केली’ हे वाक्य घ्या. अनुसूचित जाती व जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियम, १९८९ खाली, चारचौघांत जातीचे नाव घेऊन अपमान केला की काय, हा गुन्ह्याचा गाभा असतो. फिर्यादीने ठाण्यात तो शब्द उच्चारलेला असतो. बहुधा तेवढाच शब्द त्याने जसाच्या तसा सांगितलेला असतो, कारण तोच त्याला लागलेला असतो. लिहिणारा सभ्यतेपोटी, सवयीपोटी किंवा अन्य हेतूने त्या जागी ‘जातिवाचक शिवीगाळ’ हा शब्दसमूह ठेवतो. पुढे न्यायालयात नेमका शब्द फिर्यादीत नाही, हाच बचावपक्षाचा मुद्दा होतो. सारांशरूपाने लिहिण्याच्या या साध्या वाटणाऱ्या कृतीत फिर्यादीचा पुरावाच विरघळून जातो.

येथे कायद्याची रचना लक्षात घ्यावी लागते. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे १५४ वे कलम, म्हणजे १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे १७३ वे कलम, असे सांगते की, दखलपात्र गुन्ह्याची खबर तोंडी दिली गेल्यास ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याने ती लिहून घ्यावी वा आपल्या देखरेखीखाली लिहवून घ्यावी, खबर देणाऱ्यास वाचून दाखवावी आणि त्याची सही घ्यावी. तपासात साक्षीदारांचे जे जबाब घेतले जातात, त्यांवर मात्र सही घेण्यास कायद्याने मनाई आहे. पोलिसांसमोरच्या शब्दाने माणूस बांधला जाऊ नये, हा त्यामागील वसाहतकाळापासूनचा सावध विचार आहे. तथापि, असा जबाब साक्षीदाराच्या न्यायालयातील साक्षीला खोडून काढण्यासाठी वापरता येतो. मूळ जबाबात एखादी महत्त्वाची गोष्ट नसणे, हीदेखील विसंगती ठरू शकते, असे स्पष्टीकरण संहितेतच जोडलेले आहे. म्हणजे दोन पाठ शेजारी ठेवून त्यांतील पाठभेद तपासायचे. पाठचिकित्सेच्या अभ्यासकाला ही पद्धत ओळखीची वाटेल. पण पाठचिकित्सक पाठभेदाचे खापर आधी लेखनिकावर फोडून पाहतो. न्यायालयात ते प्रथम सांगणाऱ्यावर फुटते. हवालदाराने गाळलेले वाक्य साक्षीदाराने ‘मागाहून रचलेले’ ठरते. ज्याची बोली लिहिणाऱ्याच्या बोलीपासून जितकी दूर, तितकी अशी गळती अधिक, आणि तितकाच तो साक्षीदार अविश्वसनीय. दोघांना एकच नियम लावूनही एकावर अन्याय होतो, तो असा.

भाषेचा हा प्रश्न उत्तर भारतात वेगळ्या रूपाने पुढे आला. दिल्लीच्या ठाण्यांतील हिंदी ‘तहरीर’, ‘इस्तगासा’, ‘मजरूब’ अशा फारसी-अरबी शब्दांनी भरलेली असे. २०१९ साली दिल्ली उच्च न्यायालयाने प्रथम खबर अहवाल फिर्यादीला समजेल अशा शब्दांत लिहिला जावा, अशी भूमिका घेतली आणि दिल्ली पोलिसांनी टाळावयाच्या ३८३ शब्दांची यादी काढली. हेतू स्तुत्यच होता. परंतु शब्दसंग्रह बदलून प्रश्न अर्धाच सुटतो, कारण जी अडचण आहे ती एकट्या शब्दांची नाही. संहितेने न्यायदंडाधिकाऱ्याला असे बजावले आहे की, आरोपीची तपासणी ज्या भाषेत झाली, शक्यतो त्याच भाषेत नोंद करावी. खबर देणाऱ्याच्या भाषेविषयी प्रथम खबरेचे कलम काहीच बोलत नाही. २०१३ च्या दुरुस्तीने स्त्रियांवरील काही गुन्ह्यांत, पीडित स्त्री शारीरिक वा मानसिकदृष्ट्या विकलांग असल्यास, तिच्या सोयीच्या जागी, दुभाषाच्या किंवा विशेष शिक्षकाच्या उपस्थितीत खबर घ्यावी, असे बंधन घातले. कायद्याला दुभाषा ठाऊक आहे, असा याचा अर्थ. गोंडी, संथाळी किंवा पारधी बोलणाऱ्या धडधाकट माणसासाठी मात्र त्या कलमाला दुभाषा आठवत नाही.

या पोकळीत काय घडू शकते, हे एम. चंद्रकुमार यांच्या ‘लॉक अप’ (२००६) या तमिळ कथनात दिसते. कोइंबतूरचे रिक्षाचालक असलेल्या या लेखकाने १९८० च्या दशकातील गुंटूरच्या पोलीस कोठडीतील स्वानुभव त्यात मांडला आहे. पोटापाण्यासाठी आंध्रात आलेले तमिळ मजूर चोरीच्या संशयावरून धरले जातात. त्यांना तेलुगू धड येत नाही आणि न केलेला गुन्हा कबूल करावा यासाठी त्यांचा छळ होतो. या पुस्तकातील मारहाणीविषयी पुष्कळ बोलले जाते, विशेषतः वेट्रिमारन यांच्या ‘विसारणै’ (२०१५) या चित्रपटामुळे. तौलनिक दृष्टीने त्याहून महत्त्वाचे असे की, येथे परका हा परदेशी नाही. शेजारच्या राज्यातला, त्याच घटनेखालचा नागरिक आहे. त्याची भाषा ठाण्यात चालत नाही एवढ्यानेच तो संशयास पात्र होतो, कारण स्वतःविषयीचे साधे उत्तरही त्याला पटेल असे देता येत नाही. मुंबईत, सुरतेत, बंगळूरमध्ये परराज्यातील मजुरांवर हीच वेळ येऊ शकते. मराठी वाचकाने हे कथन केवळ दक्षिणेची कहाणी म्हणून वाचू नये, असे वाटते.

भाषा हाच गुन्ह्याचा पुरावा मानण्याची परंपरा तशी जुनी आहे. विल्यम स्लीमन याने १८३६ साली कलकत्त्यात ‘रामसीआना’ हा ठगांच्या कथित गुप्त भाषेचा कोश प्रसिद्ध केला. माफीच्या साक्षीदारांकडून शब्द गोळा करून, एका समूहाची बोली ही त्याच्या गुन्हेगारीची निशाणी म्हणून त्याने मांडली. तीनच वर्षांनी फिलिप मेडोज टेलर याची ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही कादंबरी आली, जिच्यात कैदी सांगतो आणि साहेब लिहितो. पोलीस दप्तर आणि कादंबरी ही भारतात अशी जवळजवळ जुळी भावंडे म्हणून जन्मली. पुढे बंगालीत प्रियनाथ मुखोपाध्याय यांनी १८९२ पासून ‘दारोगार दप्तर’ ही मालिका चालविली. तेथे लिहिणारा स्वतः कलकत्ता पोलिसांतला अधिकारीच होता. सांगणाऱ्याच्या बाजूने लिहिले जाण्यास मात्र फार काळ जावा लागला.

दरम्यान नोंदवही आली होती. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने सरकारला एखादी संपूर्ण जमात ‘गुन्हेगार’ म्हणून जाहीर करण्याचा अधिकार दिला. ती जाहीर करणे योग्य होते की नाही, हा प्रश्न कोणत्याही न्यायालयात उपस्थित करण्यास त्याच कायद्याने बंदी केली. आरंभी उत्तर हिंदुस्थानापुरता असलेला हा कायदा १८७६ मध्ये बंगालला आणि १९११ मध्ये साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानाला लागू झाला. जमातीच्या माणसांची नावे नोंदवायची, बोटांचे ठसे घ्यायचे, हजेरी लावायची, दाखल्याशिवाय गाव सोडू द्यायचे नाही, अशी ती व्यवस्था. फिर्यादीत माणूस येऊन सांगतो आणि मग लिहिला जातो; येथे तो जन्मतःच लिहिलेला असे, त्याला सांगण्याची सोयच नव्हती. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला, पण अनेक राज्यांत सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे त्याची जागा घेऊन बसले आणि ठाण्यातील सवयी तर कोणत्याच कायद्याने रद्द होत नाहीत.

या सवयींचा इतिहास भारतीय भाषांतील साहित्यात विखुरलेला आहे. रांगेय राघव यांची ‘कब तक पुकारूँ’ (१९५७) ही करनट समाजावरील हिंदी कादंबरी, लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०), लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ (१९८७), बेळगाव भागातील भीमराव गस्ती यांचे ‘बेरड’, मैत्रेयी पुष्पा यांची ‘अल्मा कबूतरी’ (२०००), मदुरै परिसरातील राखणदारीच्या कावल परंपरेपासून इंग्रजी पोलीस व्यवस्थेपर्यंतचा पट मांडणारी सु. वेंकटेशन यांची ‘काव्ल कोट्टम’ (२००८) : या ग्रंथांना एकमेकांचा वारसा क्वचितच ठाऊक आहे, आणि तरीही झडती, हजेरी, कोठडी यांचे प्रसंग त्यांत पुन्हा पुन्हा येतात. यांतील ‘उचल्या’ या चर्चेत विशेष मोलाचे आहे, ते त्याच्या निर्भीडपणामुळे. आपल्या घरात चोरीवर पोट भरले जात होते, हे गायकवाड लपवीत नाहीत. पोलिसांची झडती येते तेव्हा घरातली बायकामुलेही मार खातात, हेही ते तितक्याच सरळपणे सांगतात. निरपराध माणसावरील अन्यायाची कथा वाचकाला सहज हलवते. हे पुस्तक त्याला ती सोय देत नाही. एकाने चोरी केली म्हणून त्याच्या भावंडांना झोडपण्याचा अधिकार पोलिसांना मिळतो काय, आणि चोरी केलेल्यालाही झोडपण्याचा मिळतो काय, असे हे कठीण प्रश्न आहेत. न्याय्य वागणूक ही निर्दोष असण्याची बक्षिसी नव्हे, ही गोष्ट मराठीत इतक्या स्पष्टपणे क्वचितच मांडली गेली असेल.

लिहिलेल्या नोंदीला प्रतिनोंद कशी उभी राहते, याचे अलीकडील ठळक उदाहरण बंगालमधले आहे. फेब्रुवारी १९९८ मध्ये पुरुलिया जिल्ह्यातील बराबाजार पोलिसांनी खेडिया शबर जमातीच्या बुधन शबर या तरुणाला धरून नेले. काही दिवसांत कोठडीत त्याचा मृत्यू झाला आणि त्याने गमछाने गळफास घेतला, असे पोलिसांनी सांगितले. शबर हे पूर्वीच्या कायद्याने ‘गुन्हेगार’ ठरविलेले. तेव्हा ही नोंद तशीच राहून गेली असती तर नवल नव्हते. पण गावकऱ्यांनी प्रेताऐवजी गवताचा पुतळा जाळला आणि प्रेत गुपचूप पुरून ठेवले. त्यामुळेच दुसरी शवचिकित्सा शक्य झाली. अक्षरशत्रू म्हणविल्या गेलेल्या माणसांनी दप्तराविरुद्धचा पुरावा असा मातीत जपला. महाश्वेता देवी ज्या संस्थेशी निगडित होत्या त्या पश्चिम बंग खेडिया शबर कल्याण समितीने कलकत्ता उच्च न्यायालयात धाव घेतली, आणि त्याच वर्षी न्यायालयाने केंद्रीय अन्वेषण विभागाकडून चौकशीचा व बुधनच्या पत्नीला नुकसानभरपाई देण्याचा आदेश दिला.

एवढ्यावर हा वृत्तान्त थांबत नाही. १९९८ मध्येच महाश्वेता देवी, गणेश देवी आणि लक्ष्मण गायकवाड यांच्या पुढाकाराने विमुक्त-भटक्यांच्या हक्कांसाठी कृतिगट स्थापन झाला होता. त्याच्या ‘बुधन’ नावाच्या पत्रिकेतून हे निकालपत्र अहमदाबादच्या छारानगरात पोहोचले. छारा हेही पूर्वीचे ‘गुन्हेगार’ आणि त्यांच्या तरुणांना ठाण्याचा अनुभव नवा नव्हता. त्यांनी निकालपत्रावरून नाटक रचले आणि ३१ ऑगस्ट १९९८ रोजी, म्हणजे विमुक्तिदिनी, त्याचा प्रयोग केला. त्यातून दक्षिण बजरंगे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे ‘बुधन थिएटर’ उभे राहिले. पुरुलियातल्या एका मृत्यूचे इंग्रजी निकालपत्र होते, त्याचे गुजरातेत नाटक होते आणि या साखळीत उस्मानाबादी-लातुरी मराठीत आत्मकथन लिहिणारा लेखक एक दुवा असतो. भारतीय साहित्याच्या एकतेविषयी एरवी बरेच हवेतले लिहिले जाते. येथे ती एकता न्यायालयाच्या कागदावर आणि वस्तीतल्या अंगणात सापडते.

नोंदवहीच्या बाबतीत कायद्याने काही पावले उचलली आहेत. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतील एका हिस्ट्रीशीटच्या प्रकरणात निकाल देताना तो प्रश्न सर्व राज्यांपुरता व्यापक केला. मागासलेल्या आणि वंचित समाजांतील निरपराध माणसांची नावे यांत्रिकपणे हिस्ट्रीशीटमध्ये घातली जाऊ नयेत, हा अंतर्गत दस्तऐवज आहे, तो जाहीर करण्यासाठी नाही, अल्पवयीन नातेवाइकांची ओळख त्यात सबळ कारणाखेरीज येऊ नये आणि वरिष्ठ अधिकाऱ्याने अशा नोंदींची वेळोवेळी तपासणी करावी, असा त्याचा आशय. ऑक्टोबर २०२४ मध्ये तुरुंगांतील जातिभेदाविषयीच्या निकालात त्याच न्यायालयाने विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानीने अटक होऊ नये, असे पोलिसांना स्पष्ट शब्दांत बजावले. कायदा रद्द झाल्यानंतर ७२ वर्षांनी हे सांगावे लागले, यावरून सवयीचे आयुष्य मोजता येते. ‘कॉमन कॉज’ आणि ‘सीएसडीएस’ या संस्थांनी २१ राज्यांतील सुमारे १२ हजार पोलीस कर्मचाऱ्यांशी बोलून २०१९ मध्ये जो अहवाल काढला, त्यात मुस्लिमांचा कल स्वभावतःच गुन्ह्याकडे असतो असे कमीअधिक प्रमाणात मानणारे जवळजवळ निम्मे कर्मचारी होते. ‘स्वभावतः’ हा शब्द १८७१ चाच आहे. जमात तेवढी बदललेली.

लिहून घेण्याच्या बाबतीतही बदल झाले. दखलपात्र गुन्ह्याची खबर नोंदविणे बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने ललिता कुमारी प्रकरणात २०१३ साली सांगितले. ठाण्याची हद्द कोणतीही असो, खबर घेतलीच पाहिजे, हे आता संहितेतच आहे. त्याच संहितेने तीन वर्षांपासून सात वर्षांच्या आतील शिक्षेच्या गुन्ह्यांत, वरिष्ठांच्या परवानगीने चौदा दिवसांपर्यंत प्राथमिक चौकशी करण्याची मुभाही दिली आहे. नोंदवून घ्यायचे की नाही, या जुन्या निवडीला त्यातून मागचे दार मिळेल, ही शंका अगदीच निराधार नाही. २००६ च्या प्रकाश सिंह निकालाने पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी राज्य व जिल्हा पातळीवर प्राधिकरणे नेमण्यास सांगितले; पण ती तक्रारही कोणाला तरी लिहावी लागते.

या साऱ्यात भाषाभ्यासकाने थांबून वाचावे असे एक कलम आहे. अत्याचार प्रतिबंधक अधिनियमाच्या ४ थ्या कलमात २०१५ साली दुरुस्ती झाली आणि ती २६ जानेवारी २०१६ पासून अमलात आली. लोकसेवकाची कर्तव्ये तेथे एकेक करून सांगितली आहेत. तोंडी दिलेली व लिहून घेतलेली खबर सही घेण्यापूर्वी वाचून दाखविणे, योग्य कलमांखाली नोंद करणे, प्रत देणे, जबाब नोंदविणे आणि, हे विशेष, कोणताही दस्तऐवज बिनचूक तयार करणे व त्याचे बिनचूक भाषांतर करणे. जाणूनबुजून हयगय झाल्यास, लोकसेवक स्वतः अनुसूचित जाती-जमातीचा नसेल तर, त्याला सहा महिन्यांपासून एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. भाषांतरातील प्रामाणिकपणा हे दंडनीय कर्तव्य मानणारे असे दुसरे कलम सहज आठवत नाही. वाचून दाखविण्याची अट तर मूळ संहितेत होतीच; ती येथे पुन्हा, शिक्षेसह सांगावी लागली, कारण ‘वाचून दाखविले, बरोबर आहे’ हे वाक्य वाचून न दाखवताच लिहिले जाते, हे कायदा करणाऱ्यांना माहीत होते. ही तरतूद एकाच अधिनियमापुरती आहे. विमुक्तांपैकी ज्या जमाती अनुसूचित यादीत नाहीत, परराज्यातला मजूर, गुन्ह्याच्या संशयाखाली ठेवलेला मुस्लिम तरुण, यांच्या बोलण्याच्या भाषांतराला असे संरक्षण नाही.

नव्या संहितेने इलेक्ट्रॉनिक माध्यमातूनही खबर देण्याची सोय केली आहे. तीन दिवसांत ठाण्यात येऊन सही केली की ती नोंदली जाते. ज्याला लिहिता येते आणि ज्याच्या हाती यंत्र आहे, त्याची फिर्याद त्याच्या स्वतःच्या वाक्यांत ठाण्यात पोहोचेल. बाकीचे पूर्वीप्रमाणेच टेबलासमोर उभे राहून सांगतील आणि पलीकडे बसलेला हवालदार ‘विचारलेवरून’ या शब्दाने सुरुवात करील.